अंगणातले झाड ॲशचे आहे का? आधी डहाळीवरचा डोळा शोधा

ओहायो राज्यातील कोलंबस शहराच्या उपनगरात अलीकडेच जुने घर विकत घेतलेल्या एका मराठी कुटुंबाने असा प्रश्न विचारला आहे: अंगणात समोर एक आणि मागे ओढ्याच्या काठी एक अशी दोन मोठी झाडे आहेत. झाडे तोडणाऱ्या एका ठेकेदाराने दोन्ही झाडे ‘ॲश’ची असल्याचे सांगून ती ‘एमराल्ड ॲश बोरर’ या किडीने मरण्याआधीच काढून टाकावीत असा सल्ला दिला आहे. मोबाइलवरील ॲप मात्र त्याच झाडांना कधी ॲश, कधी हिकोरी, तर कधी बॉक्स एल्डर म्हणते. तेव्हा ॲशचे झाड खात्रीने ओळखायचे तरी कसे? प्रश्नासोबत पानांची, खोडांची आणि डहाळ्यांची छायाचित्रे आहेत.

आधी निर्णय सांगतो. मागचे झाड ॲश नाही, ते बॉक्स एल्डर आहे. समोरचे झाड ॲशच आहे, त्यातही व्हाइट ॲश, आणि बहुधा नर. ते आजपर्यंत जिवंत राहिले यामागे काहीतरी कारण असले पाहिजे. त्याविषयी शेवटी लिहितो, कारण ते कारण समजेपर्यंत त्या झाडाला करवत लावू नये असे माझे ठाम मत आहे.

दापोलीला कृषी शिक्षण घेऊन मी इकडे आलो आणि आता वीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकेच्या या मध्य-पश्चिम भागात झाडांची तपासणी आणि देखभाल हेच काम करतो आहे. या काळात ॲश ओळखण्यात माणसे चुकताना पाहिली ती जवळजवळ नेहमी एकाच जागी चुकताना पाहिली: ती पानाचा आकार पाहतात, पण पान फांदीवर कुठे सुरू होते ते पाहत नाहीत. एका घरी तर मालकांनी तीन वर्षे पैसे मोजून ज्या ‘ॲश’ला औषधाची इंजेक्शने देऊन घेतली, ते झाड काळ्या अक्रोडाचे निघाले. फवारणीवाल्याने झाड ओळखले ते केवळ खोडाच्या सालीवरून, आणि खोडाला मात्र विनाकारण भोके पडली.

ॲशचे पान संयुक्त असते, म्हणजे एका दांडीवर पाच, सात किंवा नऊ पर्णिका पिसासारख्या समोरासमोर लागतात आणि टोकाला एक एकटी पर्णिका असते. कडूनिंबाची डहाळी ज्यांनी हाताळली आहे त्यांना ही रचना नवी नाही. आपण ज्याला निंबाचा पाला म्हणून ओरबाडतो त्या लहान पाती म्हणजे पाने नव्हेत, पर्णिका होत. पूर्ण पान म्हणजे ती सगळी दांडी. आता घोटाळा होतो तो असा की ‘ॲशची पाने समोरासमोर असतात’ हे वाक्य वाचून माणूस पर्णिका समोरासमोर आहेत की नाही हे पाहतो. त्या तर अक्रोडातही समोरासमोर दिसतात आणि हिकोरीतही. समोरासमोर असायला हवीत ती संपूर्ण पाने, आणि ती जिथे फांदीला जोडली जातात तिथे.

ती जागा सापडण्याची एकच खात्रीची खूण आहे, ती म्हणजे डोळा. ऊस लावणारे, द्राक्षाची छाटणी करणारे, गुलाबाची कलमे बांधणारे सगळे ज्याला डोळा म्हणतात, तोच. पानाच्या देठाच्या बगलेत पुढच्या वर्षीच्या फुटव्याचा डोळा असतो. पर्णिकेच्या बगलेत तो कधीच नसतो. एका सप्टेंबरमध्ये एका मराठी घरी झाडाची पाहणी करायला गेलो असता मुलाकडे आलेले काका बरोबर फिरत होते. तासगावकडचे, आयुष्यभर द्राक्षबाग केलेले. मी समजावून सांगायला सुरुवात करण्याआधीच त्यांनी डहाळी वाकवली, टोकाच्या पर्णिकेपासून बोट मागे मागे नेले आणि दांडी जिथे जाड होऊन फांदीला चिकटते तिथे नखाने टिचकी मारली. ‘डोळा इथं आहे, म्हणजे पान इथून,’ असे म्हणून त्यांनी फांदी फिरवली आणि पलीकडच्या बाजूला नेमक्या त्याच पेरावर दुसरा डोळा दाखवला. झाडाचे नाव त्यांना ठाऊक नव्हते, पण ॲशची निम्मी ओळख अर्ध्या मिनिटात झाली होती. तुम्हीही असेच करा. वरच्या पेरावरची जोडी खालच्या जोडीला काटकोनात असते, जशी तुळशीच्या काडीवर असते. तीही खूण पाहून घ्या. एकच फांदी पाहून मात्र निर्णय देऊ नका. वाऱ्याने किंवा हरणांनी एका बाजूचा फुटवा मोडलेला असला की समोरासमोर असलेली रचनाही एकाआड एक भासते. पाचसहा डहाळ्या पाहाव्यात.

अमेरिकेच्या पूर्वेकडील भागात समोरासमोर पाने असलेले मोठे वृक्ष मोजकेच आहेत, त्यांतले नेहमी भेटणारे म्हणजे मेपल, ॲश, बकआय आणि त्याचा भाऊ हॉर्स चेस्टनट. लहान झाडांत डॉगवुड. यांपैकी मेपल आणि डॉगवुडची पाने साधी असतात, तर बकआयच्या पर्णिका पंजासारख्या एकाच बिंदूतून फुटतात, सावरीच्या पानासारख्या. समोरासमोर आणि पिसासारखे संयुक्त पान असे दोन्ही एकत्र आले की मग ॲशखेरीज फार थोडी नावे उरतात, आणि त्यांतले सर्वांत फसवे नाव म्हणजे तुमच्या मागच्या अंगणातले बॉक्स एल्डर.

बॉक्स एल्डर हे खरे तर मेपलच आहे, पण पान संयुक्त असलेले. त्याचे शास्त्रीय नाव एसर नेगुंडो, आणि यातला ‘नेगुंडो’ आपल्या निर्गुडीचा आहे. गोव्यात राहिलेले पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांनी सोळाव्या शतकात निर्गुडीची नोंद याच नावाने केली, आणि पुढे १७५३ साली लिनियसने या अमेरिकन मेपलची पाने निर्गुडीसारखी दिसतात म्हणून तेच नाव त्याला दिले. तेव्हा पानांच्या साम्याने फसणारे तुम्ही पहिले नाही. त्याच्या पर्णिका बहुतेक वेळा तीन किंवा पाच असतात, कडा ओबडधोबड कातरलेल्या असतात आणि टोकाच्या पर्णिकेला कधी कधी मेपलसारखे कंगोरे येतात. ॲशची पर्णिका त्यामानाने शांत, लांबट आणि कडेला अगदी बारीक दात असलेली किंवा जवळजवळ सरळ कडेची असते. तुमच्या छायाचित्रात मागच्या झाडाची कोवळी डहाळी हिरवीगार आहे आणि तिच्यावर बोटाने पुसता येईल असा पांढुरका थर दिसतो. ॲशच्या डहाळ्या राखाडी किंवा तपकिरी असतात. शिवाय त्या झाडाखाली पडलेली फळे जोडीने आहेत, दोन पंख उलट्या ‘व्ही’ अक्षरासारखे जुळलेले. ॲशचे फळ नेहमी एकटे असते, होडीच्या वल्ह्यासारखे, एका टोकाला बी आणि पुढे सपाट पाते. एवढ्यावरून मागच्या झाडाचा प्रश्न मिटतो. जाता जाता एक गोष्ट: बॉक्स एल्डरची तीन पर्णिकांची रोपे पॉयझन आयव्हीसारखी, म्हणजे स्पर्शाने अंगावर पुरळ आणणाऱ्या वेलीसारखी दिसतात. पॉयझन आयव्हीची पाने वेलीवर एकाआड एक असतात. घरात लहान मुले असतील तर हा फरक त्यांना हातात डहाळी न देता, लांबून दाखवून ठेवावा.

समोरासमोर आणि संयुक्त अशी दोन्ही लक्षणे असलेले आणखी एक झाड या भागात बागांतून लावलेले आढळते, ते म्हणजे अमूर कॉर्क ट्री. याचा डोळा पान असेपर्यंत दिसतच नाही, कारण देठाचे बूड त्याला टोपीसारखे झाकून ठेवते. पान तोडले की डोळा उघडा पडतो. साल नखाने खरवडली तर आत हळदीसारखा पिवळा थर दिसतो, आणि मादी झाडावर काळी गोल फळे येतात. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही.

बाकीची फसवी झाडे एकाआड एक पानांची आहेत, त्यामुळे डोळ्याची परीक्षा केली की ती आपोआप बाजूला होतात. काळ्या अक्रोडाला पंधरा ते तेवीस पर्णिका असतात आणि टोकाची बहुधा नसतेच; डहाळी उभी चिरली तर आतला गर पडद्यापडद्यांनी विभागलेला दिसतो. शॅगबार्क हिकोरीला मात्र पाचच पर्णिका असल्याने ती पानावरून ॲशसारखी भासते. तिच्या टोकाकडच्या पर्णिका बुडाकडच्यांपेक्षा बऱ्याच मोठ्या असतात, पण खरी खूण पुन्हा डोळ्यांची मांडणीच. ट्री ऑफ हेवन हा आपल्या महारुखाचा सख्खा भाऊ. पानांच्या लांबीवरून आणि प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशी असलेल्या एकदोन ग्रंथीयुक्त दातांवरून तो ओळखू येतो, आणि पान चुरगळले की खवट शेंगदाण्यासारखा वास येतो.

नावामुळे होणारे घोटाळे वेगळेच आहेत. माउंटन ॲश या नावाने रोपवाटिकेत विकले जाणारे नारिंगी-लाल फळांच्या घोसांचे झाड गुलाबाच्या कुळातले आहे, त्याची पाने एकाआड एक असतात आणि ॲशच्या किडीचा त्याला काहीच धोका नाही. ऑस्ट्रेलियातला माउंटन ॲश तर निलगिरी आहे, १०० मीटरच्या आसपास उंची गाठणारा. प्रिकली ॲश हे काटेरी झुडूप आपल्या तिरफळाच्या प्रजातीतले आहे. कोकणात किंवा गोव्यात बांगड्याच्या कालवणात तिरफळे टाकणाऱ्यांनी त्याचे पान चुरगळून वास घेतला तर नाते लगेच कळेल. खऱ्या ॲशची प्रजाती फ्रॅक्सिनस, आणि तिचे कूळ पारिजातक, जाई, जुई आणि मोगऱ्याचे. हिमालयात उत्तराखंडमध्ये ज्याला अंगू म्हणतात तो या प्रजातीचा आपल्या देशातला वृक्ष. महाराष्ट्राच्या कोरड्या पानझडी जंगलांत ॲश नाही, पण त्याच कुळातला मोखा आहे, आणि मोख्याची पाने ॲशसारखीच समोरासमोर आणि संयुक्त असतात. फरक फळाचा: मोख्याला लाकडासारखी टणक, नासपतीच्या आकाराची फळे लोंबतात आणि ती फुटून आतून पंख असलेल्या बिया बाहेर पडतात. मेळघाटासारख्या जंगलात हिंडलेल्या कोणालाही इथला ॲश पहिल्या भेटीत ओळखीचा वाटावा, असे मला मनापासून वाटते.

आता समोरच्या झाडाकडे वळू. ते ॲश आहे हे ठरल्यावर कोणता ॲश, हा प्रश्न उरतो. औषधोपचारासाठी व्हाइट आणि ग्रीन यांत भेद करण्याची तातडी नसते, पण ज्याला झाडाची खरी ओळख हवी त्याने ती पायरी गाळू नये. यासाठी दहा पट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि पान गळून गेलेली किंवा हलक्या हाताने पान काढलेली डहाळी पाहा. देठ जिथे चिकटलेला होता तिथे व्रण उरतो. पपईच्या खोडावर जसे जुन्या पानांचे व्रण दिसतात तसा, फक्त नखाएवढाही नाही. व्हाइट ॲशमध्ये या व्रणाची वरची कड खोलगट असते, नालेसारखी, आणि डोळा त्या खोबणीत बसलेला असतो. ग्रीन ॲशमध्ये वरची कड जवळजवळ सरळ असते, आडव्या ठेवलेल्या अर्धचंद्रासारखी, आणि डोळा त्या कडेवर टेकलेला असतो. भिंगाखाली व्रणाच्या आत बारीक ठिपक्यांची एक वाकलेली ओळ दिसते. त्या पानाकडे रस घेऊन जाणाऱ्या नळ्यांच्या तुटलेल्या जागा आहेत. डहाळीच्या टोकाचा डोळा तपकिरी, मखमली आणि घुमटाकार असतो, दोन बाजूंना दोन लहान डोळे घेऊन बसलेल्या मोदकासारखा. तुमच्या तिसऱ्या छायाचित्रात व्रणाची खोबण स्पष्ट दिसते आणि पर्णिकेची खालची बाजू पांढुरकी आहे. ग्रीन ॲशची खालची बाजू हिरवीच असते. फळ मिळाले तर आणखी एक पुरावा: व्हाइट ॲशमध्ये पाते बियांच्या टोकापासून सुरू होते, ग्रीन ॲशमध्ये ते बियांच्या कडेने साधारण मध्यापर्यंत उतरते.

तुमच्या झाडाखाली फळे मुळीच नाहीत, आणि त्यावरून ठेकेदाराच्या सांगण्याबद्दल तुम्हाला शंका आली असे तुम्ही लिहिले आहे. शंका रास्त असली तरी तो पुरावा नव्हे. व्हाइट आणि ग्रीन ॲशमध्ये नर झाड वेगळे आणि मादी वेगळे असते, आणि रस्त्याकडेला तसेच अंगणात लावलेल्या कलमी जाती मुद्दाम नर निवडलेल्या असतात, म्हणजे बियांचा कचरा होत नाही. नर झाडावर मोहोराला अतिसूक्ष्म कोळी लागतात आणि तो वेडावाकडा होऊन तपकिरी, लाकडी गाठींच्या झुबक्यांसारखा हिवाळाभर फांद्यांवर राहतो. तुमच्या छायाचित्रात वरच्या फांद्यांवर दिसणारे ‘वाळलेले फळांचे घोस’ हेच आहेत. झाडाला त्याने इजा होत नाही. ओळखीला मात्र त्याची मदत होते.

ब्लॅक ॲश आणि ब्लू ॲश तुमच्या अंगणात असण्याची शक्यता कमी, पण त्यांच्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. ब्लॅक ॲश उत्तरेकडच्या दलदलीत वाढतो. त्याच्या पर्णिकांना स्वतःचे देठ नसतात, त्या थेट दांडीला चिकटतात, आणि टोकाचा डोळा खालच्या जोडीपासून जरा दूर असतो. या झाडाचा ओंडका ठोकला की वर्षवलयांच्या पट्ट्या सुट्या होतात आणि अनिशिनाबे व वाबानाकी हे इथले मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या त्या पट्ट्यांच्या टोपल्या विणत आले आहेत. ब्लू ॲश चुनखडीच्या जमिनीवर वाढतो, त्याची डहाळी चौकोनी असून कडांना पंखासारखे उंचवटे असतात. तिच्या आतल्या सालीचा तुकडा पाण्याच्या पेल्यात टाकला की पाण्यात निळी झाक उतरते. मी प्रशिक्षणार्थींना हे हमखास करून दाखवतो, आणि पेल्याभोवती सगळे गप्प होतात. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांसाठी एवढेच की तिथला युरोपीय ॲश ओळखायला सर्वांत सोपा, कारण त्याचे डोळे कोळशासारखे काळे असतात. तिथे त्याला ग्रासलेला रोग किडीचा नसून बुरशीचा आहे.

सालीविषयी सावधगिरी बाळगा. जुन्या ॲशच्या खोडावर एकमेकांत गुंफलेल्या कंगोऱ्यांमधून शंकरपाळ्यासारखे चौकोन दिसतात हे खरे आहे, पण काळ्या अक्रोडाच्या आणि नॉर्वे मेपलच्या खोडावरही तसेच दिसते, आणि कोवळ्या ॲशची साल गुळगुळीत असते. त्यातही नॉर्वे मेपल हिवाळ्यात फार फसवतो, कारण त्याचे डोळेही समोरासमोर असतात. अशा वेळी डहाळीची जाडी पाहावी. ॲशची डहाळी जाड आणि पेरापाशी चपटी असते. साल हा शेवटचा दुजोरा म्हणून वापरावा, पहिला पुरावा म्हणून नव्हे.

आता त्या किडीविषयी. एमराल्ड ॲश बोरर हा पाचूसारखा हिरवा, साधारण एक सेंटिमीटर लांबीचा आशियाई भुंगा २००२ साली मिशिगनमधील डेट्रॉइटच्या परिसरात सापडला; मालाच्या लाकडी खोक्यांतून तो आला असावा असे मानले जाते. ओहायोत तो २००३ साली आढळला. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे पोखरतात, त्यामुळे झाडाचे अन्नपाणी तुटते आणि लागण वाढली की काही वर्षांतच झाड मरते. २०१७ साली व्हाइट, ग्रीन, ब्लॅक, ब्लू आणि पंपकिन या पाचही ॲशची नोंद आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. त्याआधी डच एल्म या बुरशीजन्य रोगाने रस्त्यांवरचे एल्म वृक्ष मेल्यावर त्यांच्या जागी शहरांनी हजारोंनी ॲशच लावले होते, त्यामुळे एकेका गल्लीची सावली दुसऱ्यांदा गेली. मी त्या गल्ल्यांत काम केले आहे.

म्हणूनच कोलंबसमध्ये दोन फूट व्यासाचा, भरगच्च पानांचा ॲश आज उभा दिसला की माझा पहिला अंदाज असतो की आधीच्या घरमालकांनी त्याच्यावर उपचार केलेले आहेत. बुंध्याशी, मुळे जिथे फाकतात तिथे, गुडघे टेकून बसा आणि काही इंचांच्या अंतराने सभोवार बारीक भोके, भरून आलेले व्रण किंवा प्लास्टिकची बुचे दिसतात का ते पाहा. ती इंजेक्शनची जागा. यासाठी वापरले जाणारे इमामेक्टिन बेंझोएट आपल्याकडच्या शेतकऱ्यांना हरभऱ्यावरील घाटेअळीचे औषध म्हणून चांगले माहीत आहे. इथे ते खोडात देतात आणि दोनतीन वर्षांनी पुन्हा द्यावे लागते. भोके मुळीच नसतील तर गोष्ट आणखी मोलाची आहे. शेजारचे सगळे ॲश मरूनही आपोआप टिकलेल्या थोड्या झाडांवर ओहायोतील डेलावेअर येथे अमेरिकी वन सेवेचे संशोधक काम करतात, आणि अशा झाडाची माहिती राज्याच्या वनविभागाला कळवण्यासारखी आहे.

त्याचबरोबर लागणीच्या खुणा शोधा. शेंड्याकडून विरळ होत गेलेला पर्णसंभार, खोडाच्या खालच्या भागातून फुटलेले दाट फुटवे, सुतारपक्ष्यांनी वरची साल सोलल्यामुळे दिसणारे फिके पट्टे, आणि सालीवर सुमारे तीन मिलिमीटर रुंदीची, एक बाजू सपाट असलेली इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखी भोके. पूर्ण गोल भोके दुसऱ्या किडीची असतात, आणि आडव्या ओळीत नीट मांडल्यासारखी भोके सॅपसकर पक्ष्याची. पर्णसंभाराचा साधारण ३० टक्क्यांहून अधिक भाग गेला असेल तर उपचाराचा उपयोग शंकास्पद होतो, आणि मग झाड काढायचे ठरवलेच तर विलंब करू नये, कारण मेलेल्या ॲशचे लाकूड लवकर ठिसूळ होते आणि त्यावर चढणाऱ्या कामगाराच्या जिवाला धोका असतो. तुमच्या छायाचित्रांत यातली एकही खूण मला दिसली नाही.

मागच्या बॉक्स एल्डरला ही कीड लागत नाही. ते ओढ्याची दरड धरून उभे आहे, तेव्हा पोकळ झालेली एखादी फांदी घरावर झुकत नसेल तर ते राहू द्यावे. समोरच्या झाडासाठी आधीच्या घरमालकांना किंवा घर विकणाऱ्या एजंटला एवढेच विचारा की शेवटचे इंजेक्शन कोणत्या वर्षी दिले होते. दोन वर्षे उलटली असतील तर येत्या मे महिन्यात, पाने पूर्ण फुटल्यावर, प्रमाणपत्र असलेल्या वृक्षतज्ज्ञाला बोलवा, आणि तो यंत्र बाहेर काढण्याआधी त्याला डहाळीवरचे समोरासमोरचे दोन डोळे दाखवायला सांगा.